कोर्टात जाण्याआधीची लीगल नोटीस: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मी मुंबईत वकिली करतो. धोबी तलावचं स्मॉल कॉजेस कोर्ट, फोर्टचं सिटी सिव्हिल, दिंडोशी, बांद्रा असं फिरणं असतं आणि शनिवारी संध्याकाळी लालबागला ओळखीच्या एका जागेत दोन तास बसतो, ज्याला जे विचारायचंय ते विचारायला. तिथे आणि फोनवर गेली कित्येक वर्षं जे प्रश्न येतात तेच इथे एकत्र केलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा. तुमच्या केसमधल्या तारखा आणि कागद बघितल्याशिवाय शेवटचा सल्ला कोणीच देऊ शकत नाही, मीसुद्धा नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

१. लीगल नोटीस म्हणजे नक्की काय? ती कोर्टाकडून येते का?

नाही. कोर्टाकडून येतं ते समन्स किंवा कोर्टाची नोटीस, त्यावर कोर्टाचा शिक्का आणि केस नंबर असतो. लीगल नोटीस म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या वकिलाने समोरच्याला पाठवलेलं पत्र, की बाबा असं असं झालंय, माझं एवढं एवढं म्हणणं आहे, इतक्या दिवसांत ते पूर्ण कर नाहीतर मला कोर्टात जावं लागेल. बस. पण हे पत्र पुढे केसच्या कागदांत लागतं आणि दोन-तीन वर्षांनी जज ते वाचतात, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की नोटीस समोरच्याला घाबरवायला लिहू नका, त्या जजसाठी लिहा.

२. नोटीस न देता डायरेक्ट केस टाकली तर?

बऱ्याच केसमध्ये चालतं. हातउसने पैसे परत मागायचे, करार मोडला म्हणून नुकसानभरपाई मागायची, ग्राहक आयोगात तक्रार करायची, यात नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तरी द्यावी, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटताना मी बघितलीत.

पण काही ठिकाणी नोटीस नसेल तर केसच उभी राहत नाही. चेक बाउन्स (प्रश्न ११), भाडं थकलं म्हणून भाडेकरूला काढायचं असेल तर (प्रश्न १३), हाउसिंग सोसायटीवर दिवाणी दावा (प्रश्न १४), सरकार, रेल्वे किंवा महापालिका (प्रश्न १५). या चारपैकी काही असेल तर आधी तिथलं उत्तर वाचा, कारण त्यात दिवस ठरलेले आहेत आणि ते मागेपुढे होत नाहीत.

३. वकिलाच्या लेटरहेडवरच लागते का? स्टॅम्प पेपर, नोटरी?

स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून आणलेल्या नोटिसा घेऊन लोक येतात तेव्हा वाईट वाटतं, ते पैसे उगाच गेले. नोटीस साध्या कागदावर तुम्ही स्वतःच्या सहीने पाठवू शकता, चेक बाउन्सची सुद्धा. वकिलाचं लेटरहेड असलं की समोरचा जास्त सिरियसली घेतो हे खरं, आणि वकील एखादी चूक पकडतो हेही खरं, म्हणून रक्कम मोठी असेल किंवा प्रश्न २ मधला प्रकार असेल तर वकिलाकडूनच करून घ्या.

४. नोटिशीत लिहायचं काय? सुरुवात कशी करू?

कागद घेऊन आधी फक्त तारखा लिहा. कधी भेटलो, कधी पैसे दिले, कसे दिले, कधी परत देतो म्हणाला, कधी पहिल्यांदा टाळलं. प्रत्येक तारखेसमोर पुरावा काय आहे ते लिहा, बँक स्टेटमेंट, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, चॅट, करार. हा कागद नीट झाला की नोटीस अर्धी झाली समजा.

मग मजकूर. वर तारीख, कोणाकडून, कोणाला, दोघांचे पूर्ण पत्ते, पिनकोडसकट. विषय एका ओळीत. मग परिच्छेदांना नंबर द्या आणि एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगा, म्हणजे समोरच्याला उत्तर देताना प्रत्येक मुद्द्यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. साधारण असं:

"१. दिनांक १२ मार्च २०२४ रोजी आपण घराच्या दुरुस्तीसाठी माझ्याकडे रु. १,८०,०००/- (अक्षरी रुपये एक लाख ऐंशी हजार फक्त) हातउसने मागितले. २. त्याच दिवशी मी सदर रक्कम माझ्या बचत खात्यातून आपल्या खात्यात जमा केली. ३. सदर रक्कम सहा महिन्यांत परत करण्याचे आपण व्हॉट्सअ‍ॅप संदेशाद्वारे मान्य केले. ४. आजपर्यंत आपण रु. ३०,०००/- परत केले असून रु. १,५०,०००/- येणे बाकी आहे. ५. तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत उर्वरित रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, अन्यथा मला योग्य त्या न्यायालयात दाद मागावी लागेल व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपणांवर राहील."

एवढंच. त्यात परिच्छेद ४ बघा, तीस हजार परत आले हे आपण स्वतःच लिहिलंय. लोक हे लपवतात आणि नंतर समोरचा बँक स्टेटमेंट दाखवतो तेव्हा तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा पण विश्वास उडतो. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपणच आधी सांगितली की ती हलकी होते, हे मी सीनियरकडून शिकलो आणि अजून एकदाही चुकलेलं नाही.

मागणी मोघम नको. "माझा हिशेब पूर्ण करा" असं लिहू नका, किती रुपये, कुठल्या खात्यात, किती दिवसांत ते लिहा. शेवटी सही, आणि तीच नोटीस सहीसकट आपल्याकडे ठेवा, तिला आम्ही ऑफिस कॉपी म्हणतो.

५. आणि काय लिहू नये?

शिव्या, चारित्र्यावर शेरे, "तुझ्या ऑफिसात सगळ्यांना सांगेन", "पोलिसात देऊन आत टाकेन". पैसे वसूल करायला गुन्ह्याची धमकी दिली तर उलट तुमच्यावरच तक्रार होऊ शकते. मनात राग असणारच, तुमचे कष्टाचे पैसे आहेत, मला कळतं ते. पण ती नोटीस रात्री लिहून सकाळी परत वाचा आणि मगच पोस्टात टाका. जे सिद्ध करता येणार नाही ते पण लिहू नका, आणि अंदाजाने तारीख टाकू नका, आठवत नसेल तर "मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात" असं लिहिलेलं बरं.

नोटीस बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकू नका. ती त्या माणसासाठी आहे, सगळ्या विंगसाठी नाही, बदनामीचा दावा अंगावर येतो.

६. मराठीत पाठवली तर चालते का?

चालते. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठीच आहे. समोरच्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याला कळेल त्या भाषेत द्या, म्हणजे "मला समजलीच नाही" म्हणायला जागा राहत नाही.

७. मुदत किती दिवसांची द्यायची?

जिथे कायद्याने दिवस ठरवलेत तिथे तेवढेच. बाकी ठिकाणी १५ किंवा ३० दिवस देण्याची पद्धत आहे, तो नियम नाही. दोन दिवसांची मुदत देऊन मोठी रक्कम मागितली की वाचणाऱ्याला ते खरं वाटत नाही.

८. पाठवायची कशी? रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणतात, मग आता?

हा प्रश्न हल्ली फार येतो. २०२५ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. त्यामुळे आता काउंटरवर स्पीड पोस्टने पाठवायचं आणि सोबत पोचपावतीची सोय मागून घ्यायची, तिचे थोडे जास्त पैसे लागतात. जुन्या नमुन्यांत अजून "आर.पी.ए.डी. द्वारे" (म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने) असं छापलेलं असतं, ते बदलून स्पीड पोस्ट करा.

पावती मिळाली की लगेच मोबाइलवर फोटो काढा, ती शाई काही महिन्यांत उडून जाते, मी कोऱ्या झालेल्या पावत्या बघितल्यात. पावतीवरचा पिनकोड आणि नाव तिथेच काउंटरवर तपासा. चार-पाच दिवसांनी इंडिया पोस्टच्या साइटवर नंबर टाकून ट्रॅकिंग रिपोर्टची प्रिंट काढून ठेवा, कारण जुनी माहिती साइटवर कायम राहत नाही. पावती, ट्रॅकिंग, पोचपावती आणि ऑफिस कॉपी, हे चारही एका फाइलमध्ये.

कुरियरने सोबत एक प्रत पाठवली तर हरकत नाही पण पोस्टाला पर्याय म्हणून नको. कायद्यात पोस्टाने नीट पत्ता लिहून, पैसे भरून पाठवलेलं पत्र पोचलं असं धरून चालतात, जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७, हा आधार खाजगी कुरियरला मिळत नाही.

९. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकली, दोन निळ्या टिक आल्या, पुरे ना?

पोस्टाबरोबर टाकली असेल तर उत्तमच. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर राहू नका. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये एका क्रेडिट कार्डच्या वसुलीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस पोचली असं मानलं होतं, कारण मेसेज नुसता पोचला नव्हता, जोडलेली पीडीएफ उघडलेलीही दिसत होती. पण समोरच्याने निळी टिक बंद ठेवली असेल तर किंवा तो नंबर माझा नाहीच म्हणाला तर तुमचं काम वाढतं. शिवाय चॅट पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या. ईमेलचंही तसंच, करारात ईमेल पत्ता दिलेला असेल तर त्यावर जरूर पाठवा.

१०. पाकीट परत आलं. "घेण्यास नकार", "घर बंद", असं काहीतरी लिहिलंय. आता परत पाठवू का? आणि पत्ताच बदलला असेल तर?

पहिली गोष्ट, ते पाकीट फोडू नका. तसंच बंद ठेवा, कोर्टात बंद पाकीटच दाखवायचं असतं.

"घेण्यास नकार" असेल तर नोटीस पोचली असंच धरलं जातं. "घर बंद" किंवा पोस्टमनने सूचना देऊनही कोणी घ्यायला आलं नाही, यातही पत्ता बरोबर असेल तर कोर्ट बहुतेक वेळा पोचली मानतं, मग समोरच्याने सिद्ध करायचं की मला खरंच मिळाली नाही. पण "पत्ता अपुरा" किंवा "या पत्त्यावर राहत नाही" असा शेरा असेल तर ते तुमच्यावर येतं, नवीन पत्ता शोधून परत पाठवा.

मुंबईत हे फार होतं. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, माणूस भाड्याने विरारला किंवा डोंबिवलीला गेला, पागडीची खोली विकून गावाला गेला. अशा वेळी जेवढे पत्ते माहीत आहेत तेवढ्यांवर वेगवेगळी पाकिटं पाठवा, करारातला, दुकानाचा, कामाच्या जागेचा, गावचा, आणि नोटिशीवर सगळे पत्ते एकाखाली एक लिहा. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता फुकट दिसतो, तो सोडू नका.

११. चेक बाउन्स झालाय. किती दिवसांत काय करायचं?

या एका प्रश्नाला जास्त जागा देतोय कारण इथे दिवस चुकला की फौजदारी केस हातची जाते. कायदा आहे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, कलम १३८ आणि १४२.

चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकलेला असला पाहिजे. बाउन्स झाल्याचं बँकेकडून कळलं की त्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते दिवस संपले आणि पैसे आले नाहीत की पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार.

उदाहरण घ्या. बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, तुम्हाला ५ जूनला मिळाला, तर ५ जुलैपर्यंत नोटीस पोस्टात पडली पाहिजे, पोचायला त्यानंतर दोन दिवस लागले तरी चालतं. ती १० जुलैला पोचली तर २५ जुलैपर्यंत त्याला वेळ आहे. २६ जुलैपासून तुम्ही तक्रार करू शकता आणि २५ ऑगस्टच्या आत करून टाका. २६ जुलैच्या आधी केली तर ती वेळेआधी म्हणून जाते, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय.

आता महत्त्वाचं. तक्रार करायला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्टाकडून उशीर माफ करून घेता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना अशी माफी नाही. माझ्याकडे वडाळ्याहून एक काका आले होते, केटरिंगचं काम करायचे, चेक बाउन्स होऊन बेचाळीस दिवस झाले होते, समोरचा रोज "उद्या देतो" म्हणायचा आणि हे माणूस चांगला म्हणून थांबले. त्या चेकची तीन महिन्यांची मुदत चार दिवस शिल्लक होती म्हणून परत बँकेत टाकायला लावला, परत बाउन्स झाला आणि मग नव्याने ३० दिवस मिळाले. मुदतीत असेल तर चेक असा पुन्हा टाकता येतो, आणि दुसऱ्या वेळच्या बाउन्सवर केस करता येते. चार दिवस उशिरा आले असते तर फक्त दिवाणी दावा उरला असता. म्हणून कळकळीने सांगतो, "उद्या देतो" ऐकत बसा हवं तर, पण नोटीस पाठवून मग ऐका.

केस कुठे? तुम्ही चेक तुमच्या खात्यात जमा केला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. खातं बोरिवलीच्या शाखेत आणि राहता परळला, तर बोरिवली.

१२. त्याच नोटिशीत व्याज, वकिलाची फी, जुनी उधारी सगळं मिळून एकच आकडा लिहिला तर?

अजिबात नको. कलम १३८ च्या नोटिशीत चेकची रक्कम तंतोतंत मागितली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कावेरी प्लास्टिक्सच्या केसमध्ये हेच ठरवलं, चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी मागितले होते, टायपिंगची चूक आहे हे म्हणणं ऐकलं नाही आणि केस गेली. व्याज किंवा खर्च मागायचाच असेल तर वेगळ्या परिच्छेदात वेगळा आकडा, आणि चेकची रक्कम, नंबर, तारीख, बँक, बाउन्सचं कारण हे सगळं मेमो आणि चेक समोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, टाइप करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

चेक कंपनीचा असेल तर नोटीस कंपनीला गेली की डायरेक्टरला वेगळी लागत नाही असं कोर्टाने म्हटलंय, तरी मी सही करणाऱ्यालाही एक पाठवतोच.

१३. भाडेकरू भाडं देत नाही / घरमालक डिपॉझिट परत देत नाही.

दोन वेगळी प्रकरणं. जुना, पागडीवाला भाडेकरू असेल आणि भाडं थकलंय म्हणून खाली करून घ्यायचं असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १५ लागतं. थकबाकीची लेखी नोटीस द्यायची आणि त्यानंतर ९० दिवस थांबायचं, त्याआधी दावा नाही. आणि भाडेकरूंनो, तुमच्यासाठी पण सांगतो, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के सरळव्याजाने आणि खर्चासकट कोर्टात भरलं तर घर वाचतं. घाबरून चावी देऊन टाकू नका.

लिव्ह अँड लायसन्स असेल तर गोष्ट वेगळी. मुदत संपूनही माणूस जात नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट फीच्या दराने नुकसानभरपाई मागता येते.

डिपॉझिट अडकलेलं असेल तर नोटिशीत चावी दिल्याची तारीख आणि पुरावा हवाच. चावी देताना खोलीचा व्हिडिओ काढा, "आज चावी दिली" असा मेसेज टाका, लाइट बिल भरल्याची पावती जोडा. कापलेल्या पैशांचा लेखी हिशेब मागा, "रंगकामाचे" म्हणून आख्खं डिपॉझिट कापणाऱ्याला हिशेब लिहून देता येत नाही.

१४. वरच्या मजल्यावरून गळतंय आणि सोसायटी काही करत नाही. कोणाला नोटीस?

दोघांना. गच्ची किंवा बाहेरच्या कॉमन पाइपमधून पाणी येत असेल तर ते काम सोसायटीचं, आणि वरच्या घराच्या बाथरूममधून येत असेल तर त्या सभासदाचं, पण पाणी कुठून येतंय हेच बहुतेक वेळा भांडणाचं मूळ असतं. म्हणून आधी प्लंबर किंवा इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट, पावसाळ्यातले फोटो, आणि सोसायटीच्या ऑफिसात दिलेल्या अर्जावर शिक्का मारलेली प्रत. नोटीस त्यानंतर.

सोसायटीच्या कामकाजाशी संबंधित गोष्टीवरून दिवाणी दावा करायचा असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चं कलम १६४ बघा, निबंधकाला लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. लक्षात घ्या, नोटीस निबंधकाला, म्हणजे तुमच्या वॉर्डच्या उपनिबंधकाच्या ऑफिसात, नुसती सेक्रेटरीला दिली की ही अट पूर्ण होत नाही. दरवर्षी निदान एक तरी दावा यावर अडकलेला बघतो.

१५. बीएमसी, सरकारी खातं किंवा रेल्वेवर केस करायची आहे.

सरकार आणि सरकारी अधिकारी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०, दोन महिन्यांची नोटीस. त्यात तुमचं नाव, पत्ता, तक्रारीचं कारण आणि काय मागताय हे सगळं असलं पाहिजे. राज्य सरकार असेल तर संबंधित सचिव किंवा जिल्हाधिकारी, रेल्वे असेल तर जनरल मॅनेजर, म्हणजे मध्य रेल्वेचे सीएसएमटीला आणि पश्चिम रेल्वेचे चर्चगेटला. प्रत्यक्ष नेऊन दिली तर शिक्का घ्या.

महापालिकेसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चं कलम ५२७, एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. हे सहा महिने लोकांना माहीतच नसतात, प्रश्न १९ मधली तीन वर्षं इथे धरू नका.

उद्याच तोडकाम आहे, दोन महिने कसा थांबू? सरकारच्या बाबतीत कलम ८० मध्येच कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय तातडीचा दावा करायची सोय आहे. तोडकामाची टांगती तलवार असेल, मग ते सरकार असो की पालिका, नोटीस लिहीत बसू नका, आजच वकील गाठा.

१६. बिल्डरने ताबा दिला नाही, किंवा दुकानदाराने खराब माल दिला.

महारेरा (बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोगात जायला आधी नोटीस कम्पल्सरी नाही. तरी एक पाठवा, महारेरात तक्रारीला ५,००० रुपये फी लागते आणि नोटिशीवरच काम झालं तर ती वाचते. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही. छोट्या रकमेसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका, बऱ्याच कंपन्या तिथेच परत करतात.

१७. मलाच नोटीस आलीय. उत्तर दिलंच पाहिजे का?

सक्ती नाही, पण द्या. गप्प राहिलात तर पुढे "त्याने नोटिशीला उत्तरसुद्धा दिलं नाही" असं तुमच्या विरुद्ध म्हणतात. पाकीट घ्या, नाकारू नका (प्रश्न १०), मिळाल्याची तारीख पाकिटावर पेनाने लिहा आणि पाकीटही जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो.

चेक बाउन्सची असेल आणि पैसे खरंच देणं असेल तर त्या १५ दिवसांत द्या, बँकेतून द्या, केसच होत नाही. बाकी नोटिशीत भावनेच्या भरात "हो देतो, चुकलं माझं" असं उत्तरात लिहून बसू नका, तुमच्या उत्तरातला प्रत्येक शब्द कबुली धरला जातो. तडजोडीचं बोलायचं असेल तर पत्रावर स्पष्ट लिहा की हे तडजोडीसाठी आहे आणि माझे हक्क राखून लिहितोय.

१८. नवऱ्याने वकिलाकडून घटस्फोटाची नोटीस पाठवलीय. पंधरा दिवसांत उत्तर दिलं नाही तर घटस्फोट होतो का?

नाही, ताई. अजिबात नाही. हा प्रश्न रडत रडत विचारलेला इतक्या वेळा ऐकलाय म्हणून ठळक सांगतो, नोटिशीने लग्न मोडत नाही. फॅमिली कोर्टात, मुंबईत ते बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला आहे, अर्ज होऊन, तुमचं म्हणणं ऐकून, कोर्टाने हुकूमनामा दिला तरच घटस्फोट होतो. नोटिशीत "घर सोडा" लिहिलं असलं तरी घर सोडू नका. उत्तर मात्र शांतपणे, वकिलाकडून द्या, आणि वकिलाचा खर्च परवडत नसेल तर प्रश्न २१ वाचा.

१९. उधारीला तीन वर्षं होत आली. आज नोटीस पाठवली की तीन वर्षं परत सुरू होतात ना?

नाही होत. हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं, आणि तुम्ही दहा नोटिसा पाठवल्या तरी ते घड्याळ थांबत नाही.

ते नव्याने सुरू होतं ते समोरच्याच्या वागण्याने. मुदत संपायच्या आत त्याने सही करून "देणं आहे" असं लेखी मान्य केलं तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं, मुदत कायदा १९६३ चं कलम १८. म्हणून नोटिशीत असा प्रश्न टाका ज्याच्या उत्तरात त्याला बाकीचा आकडा लिहावा लागेल. कधी कधी तो "एवढी रक्कम नाही, फक्त नव्वद हजार आहे" असं उत्तर देतो आणि त्या नव्वद हजारांची मुदत वाढते. आणि जिथे कायद्यानेच नोटीस सक्तीची आहे, जसं कलम ८०, तिथे तो नोटिशीचा काळ मुदतीतून वगळतात.

मुदतीला पंधरा दिवसच उरले असतील आणि नोटीस सक्तीची नसेल तर आधी दावा दाखल करा.

२०. करारात व्याज ठरलंच नव्हतं, तरी मागता येतं?

मागा, आणि नोटिशीतच मागा. व्याज कायदा १९७८ प्रमाणे लेखी करार नसला तरी, ज्या नोटिशीत तुम्ही व्याज मागता त्यात दिलेल्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं. म्हणजे नोटीस लवकर पाठवली तर व्याजही लवकर सुरू होतं. छोटा कारखाना किंवा सेवा देणारे असाल आणि काम करण्याआधी उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) खाली बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळतं, तेव्हा नोटिशीत नोंदणी नंबर लिहायला विसरू नका.

धंद्याचा वाद तीन लाखांच्या वरचा असेल आणि तातडीचा स्टे नको असेल तर नोटीस पुरत नाही, आधी मध्यस्थीसाठी अर्ज करावा लागतो, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती सक्तीची आहे असं सांगितलंय. करारात लवादाचं (आर्बिट्रेशनचं) कलम असेल तर साधी नोटीस न पाठवता लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस पाठवा.

२१. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले, आणि ठराविक उत्पन्नाच्या खालचे, यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही, कमावती असली तरी. फोन नंबर १५१००. आधार कार्ड आणि प्रश्न ४ मधला तो तारखांचा कागद घेऊन जा, काम लवकर होतं.

२२. ज्याने चेक दिला तो वारला. मुलांवर १३८ टाकता येते का?

नाही, मुलांवर फौजदारी केस होत नाही. वारसांना नोटीस देऊन दिवाणी वसुली करता येते, ती पण वडिलांकडून जेवढी मालमत्ता त्यांना मिळाली तेवढ्यापुरतीच. मेलेल्या माणसाच्या नावाने नोटीस पाठवू नका, ती धरत नाहीत, आणि घरात दुःख असताना तसं पाकीट गेलं की मिटणारं प्रकरणही बिघडतं.

२३. नोटीस मिळाल्यावर अर्धे पैसे आले. आता?

घ्या, पण "पूर्ण हिशेब मिटला" असं कुठेही लिहून देऊ नका. आलेल्या रकमेची तारखेसह पोच द्या आणि त्याच पत्रात बाकी किती राहिली ते लिहा. हप्ते ठरवत असाल तर दोघांच्या सह्यांचा कागद करा, त्यात एकूण बाकी आणि प्रत्येक हप्त्याची तारीख, म्हणजे तोच कागद प्रश्न १९ मधली लेखी कबुलीही होतो. चेक बाउन्समध्ये अर्धे पैसे आले तरी तक्रारीचा महिना चालूच राहतो, बोलणी चालू ठेवा आणि तक्रारही वेळेत टाका, पूर्ण पैसे आले की ती कोर्टात तडजोडीने मागे घेता येते.